बूट कमांड लाइनवरून फ्लॅशचे पार्टिशन कसे पाडायचे

राउटर किंवा छोट्या लिनक्स बोर्डावरच्या फ्लॅशला हार्डडिस्कसारखं पार्टिशन टेबल नसतं, कुठून कुठपर्यंत काय आहे ते कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) आपणच सांगायचं. डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डच्या हार्डवेअरचं वर्णन करणारी फाइल) लिहिता येतं पण दरवेळी ते परत कंपाइल कोण करणार, त्यापेक्षा एमटीडीपार्ट्स बरं, म्हणजे बूट होताना कर्नलला मिळणाऱ्या कमांड लाइनमध्येच पार्टिशनची यादी लिहायची.

आधी कर्नलमध्ये कमांड लाइन पार्टिशन पार्सिंगचा ऑप्शन चालू आहे का बघा, नसेल तर पुढचं सगळं वाया. मग बूट लॉगमधून चिपचं नाव घ्या, ते जसंच्या तसं लागतं, एक अक्षर चुकलं तरी कर्नल तुमची ओळ सरळ सोडून देतो आणि आपण बसतो डोकं खाजवत.

समजा 16 एमबीची एसपीआय नॉर (फ्लॅश चिपचा एक प्रकार) आहे, इरेज ब्लॉक (एकावेळी पुसला जाणारा तुकडा) 64 केबी. ओळ अशी (टाइप करताना अर्थातच इंग्रजी लहान अक्षरं, आणि मध्ये कुठेही स्पेस नको):

एमटीडीपार्ट्स=एसपीआय0.0:512के(यूबूट)आरओ,64के(एन्व्ह),4एम(कर्नल),-(रूटएफएस)

कंसातली पार्टिशनची नावं: यूबूट हा बूटलोडर (कर्नल सुरू करून देणारा प्रोग्रॅम), एन्व्ह त्याच्या सेटिंग्ज, रूटएफएस मुख्य फाइलसिस्टम. आरओ म्हणजे फक्त वाचायचं, बूटलोडरला हे लावाच, चुकून पुसला गेला तर बोर्ड गेलाच समजा. शेवटची डॅश म्हणजे उरलेलं सगळं, इथे 11712 केबी. सुरुवात कुठून ते दिलं नाही की आधीचा संपतो तिथून पुढचा धरतो, मध्ये जागा सोडायची असेल तर साइझनंतर अ‍ॅट चिन्ह टाकून ऑफसेट द्या. दुसरी चिप असेल तर सेमीकोलन, पण मग यूबूटमध्ये पूर्ण ओळ कोट्समध्ये हवी नाहीतर तो तिथेच कमांड तोडतो.

साइझ इरेज ब्लॉकच्या पटीतच ठेवा. 100के वगैरे दिलंत तर तो आणि त्याला चिकटलेला पुढचा, दोन्ही कर्नल जबरदस्तीने रीड-ओन्ली करून टाकतो, मग रूटएफएसवर काही लिहिलंच जात नाही.

आता यूबूटमध्ये सेटएन्व्ह कमांडने बूटआर्ग्समध्ये (कर्नलला जाणारी कमांड लाइन यात असते) हे जोडा (आधीचं कन्सोल, रूट वगैरे उडवू नका) आणि सेव्ह न करता एकदा बूट करून बघा. ही ओळ म्हणजे नुसता नकाशा आहे, फ्लॅशवरचा डेटा तिने जागचा हलत नाही, त्यामुळे बिघडलं तर रीसेट मारा. बूट झालं की प्रॉक-एमटीडी फाइल (कर्नलला दिसणारी पार्टिशनची यादी) बघा, आकडे हेक्समध्ये दिसतील, रूटएफएससमोर 00बी70000 यायला हवं. जुनंच दिसत असेल तर प्रॉक-सीएमडीलाइन (कर्नलला खरोखर मिळालेली ओळ) तपासा, बऱ्याचदा बूटसीएमडीची (यूबूट आपोआप चालवतो ती) स्क्रिप्टच बूटआर्ग्स नव्याने लिहिते.

अजून एक, मध्येच नवीन पार्टिशन घुसवलंत तर पुढचे नंबर सरकतात, म्हणजे रूट=मध्ये एमटीडीब्लॉक3 होतं ते 4 करावं लागेल. सगळं जुळलं की मगच सेव्हएन्व्ह (सेटिंग्ज कायमच्या सेव्ह करणारी कमांड).