सातबारा वडिलांच्या नावावर, पूर मात्र आमच्या वावरात

2025 च्या सप्टेंबरात सीना नदीला पूर आला. उभं सोयाबीन चिखलात झोपलं. पंचनामा झाला, यादी लागली, यादीत नाव वडिलांचं. ते जाऊन सहा वर्षं झालेली! आधार जोडायचं कुणाचं? भरपाई अडकली. चूक आमचीच. बारसं, लग्न वेळेवर, वारस नोंद मात्र ‘बघू पुढं’.

मग लागलो मागं. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि सगळ्यांचे आधार जोडून ई-हक्क या जमिनीच्या नोंदींच्या सरकारी पोर्टलवर अर्ज टाकला. पहिला अर्ज परत आला, कारण धाकट्यानं ताईचं नाव वगळलं होतं. “तिला कुठं शेती करायचीय?” मी म्हटलं, हिंदू वारसा कायद्यानं मुलीचाही हक्क समान आहे, लपवून चालायचं नाही. तिला हिस्सा नकोच असेल, तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं, साध्या कागदावरची सही नाही. ताईनं फोनवर एवढंच विचारलं, “आईचं नाव घातलंस ना?” तेही राहिलंच होतं.

चौघांची नावं घालून पुन्हा अर्ज. गाव नमुना 6-क, म्हणजे वारसांच्या नोंदवहीत वारस चढले, मग फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरची नावं बदलायची नोंद पडली. हरकतीसाठी 15 दिवसांची नोटीस असते, ते दिवस जाईनात. शेवटी मंडळ अधिकाऱ्यांनी फेरफार प्रमाणित केला.

तोवर रब्बी पेरून झाली होती. ज्वारीची ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवरची पीक नोंद, मी बांधावर उभं राहून स्वतः केली, फोटोसकट. भरपाईचा अर्ज नव्या उताऱ्यासह दिलाय.