टर्मिनलवरून फोल्डरचा आकार कसा तपासावा

लिनक्स संगणकावर डिस्क भरत आल्याचा इशारा मिळाला की एकेक फोल्डर उघडून त्याचा आकार पाहत बसण्यापेक्षा टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करण्याची खिडकी, उघडणे सोयीचे ठरते. पुढील आज्ञा येथे उच्चारानुसार लिहिल्या आहेत. प्रत्यक्षात त्या रोमन लिपीतील लहान अक्षरांत टाइप कराव्यात.

प्रथम ‘डीएफ -एच’ ही आज्ञा देऊन डिस्कचे नेमके कोणते विभाजन (पार्टिशन) भरले आहे, ते पाहावे. त्यानंतर ‘डीयू -एसएच’ लिहून, एक जागा सोडून, फोल्डरचे नाव द्यावे. यातील ‘एस’मुळे फक्त एकूण बेरीज मिळते आणि ‘एच’मुळे ती केबी, एमबी, जीबी अशा सहज वाचता येणाऱ्या एककांत दिसते. ‘एच’ विसरल्यास लिनक्सवर १०२४ बाइटच्या, तर मॅकवर ५१२ बाइटच्या ठोकळ्यांची संख्या दिसते, त्यामुळे तेवढ्याच जागेसाठी मॅकवरचा आकडा दुप्पट भरतो.

जागा कोणी अडवली हे शोधायचे असल्यास संशयित फोल्डरमध्ये जाऊन ‘डीयू -एच -डी १’ लिहावे (‘-डी १’ म्हणजे फक्त एक पातळी खालपर्यंतच्या फोल्डरांची यादी), पुढे उभी रेघ (|) देऊन ‘सॉर्ट -एच’ जोडावे. यादी चढत्या क्रमाने लागते. शेवटची ओळ त्या फोल्डरच्या एकूण आकाराची असते, म्हणून तिच्या वरची ओळ पाहावी. तेथे जे नाव असेल त्या फोल्डरमध्ये शिरून हीच आज्ञा पुन्हा द्यावी.

अनेक ठिकाणी ‘डीयू -एसएच’पुढे फोल्डरच्या नावाऐवजी ‘सर्व नावे’ या अर्थाचे तारांकन (*) द्यायला सांगितले जाते. मला ते धोक्याचे वाटते, कारण टिंबाने सुरू होणारी लपलेली फोल्डरे तारांकनात येत नाहीत आणि ब्राउझरची साठवण बहुधा अशाच ‘.कॅश’ फोल्डरमध्ये फुगलेली असते. ‘-डी १’ वापरल्यास ती सुटत नाहीत.

संपूर्ण प्रणाली तपासताना परवानगी नाकारल्याचे संदेश येतात; तेव्हा आज्ञा प्रशासकाच्या अधिकाराने चालवण्यासाठी तिच्या आधी ‘सुडो’ लिहावे. सोबत ‘-एक्स’ दिल्यास जोडलेली बाहेरची डिस्क मोजणीत मिसळत नाही.

डीयू फाइलची लांबी नव्हे, तर तिने डिस्कवर व्यापलेली जागा मोजते. एक बाइटची फाइलही साधारणपणे ४ केबी अडवते, त्यामुळे हजारो बारीक फाइलींचे फोल्डर अपेक्षेपेक्षा मोठे दिसते. उलट, डीएफनुसार डिस्क भरलेली असूनही डीयूची बेरीज बरीच कमी येत असेल, तर पुसलेली एखादी फाइल चालू प्रोग्रामने अजून उघडी धरलेली असू शकते. तो प्रोग्राम बंद केल्यावर ती जागा मोकळी होते.