लिथियम चालू असताना: लेव्हल, मीठ-पाणी आणि एक लेखी कागद

बायपोलर आजारात (मन कधी टोकाचं उत्तेजित, कधी टोकाचं उदास होण्याच्या आजारात) लिथियम हे जुनं, स्वस्त आणि आजही भरवशाचं औषध. अडचण एवढीच, की उपयोगी पडणारी आणि विषबाधा करणारी मात्रा यांत अंतर फार थोडं असतं. म्हणून गोळ्या किती, यापेक्षा रक्तात किती हे महत्त्वाचं. बहुतेकांना लेव्हल ०.६ ते ०.८ दरम्यान ठेवतात, मेनियाच्या, म्हणजे टोकाच्या उत्तेजित अवस्थेच्या काळात १.० पर्यंतही नेतात. १.५ च्या पुढे गेली की विषबाधेची भीती. रिपोर्टवर एकक दर लिटरला एमईक्यू (mEq) असो वा एमएमओएल (mmol), आकडा तोच.

‘मेंदूतलं रसायन कमी पडलंय, गोळीने भरून निघेल’ हे स्पष्टीकरण इथे चालत नाही. लिथियम सेरोटोनिन किंवा डोपामिन या मेंदूतल्या रसायनांच्या रिसेप्टरवर (पेशीवरच्या निरोप घेणाऱ्या जागेवर) जाऊन बसत नाही. ते पेशीत शिरतं आणि निरोप पुढे नेणाऱ्या साखळीत ढवळाढवळ करतं. याला वेळ लागतो, त्यामुळे मेनियात गुण दिसायला एक ते तीन आठवडे जातात. तोवर डॉक्टर सोबत दुसरं औषध देतात.

रक्त शेवटच्या गोळीनंतर बरोबर १२ तासांनी द्यायचं. रात्री नऊला गोळी घेतली असेल, तर सकाळी नऊला रक्त, आणि सकाळची गोळी त्यानंतरच. आधी घेतली तर आकडा फुगतो आणि डोस विनाकारण कमी होतो. लॅबमध्ये आणखी एक घोळ होतो: हिरव्या झाकणाच्या काही नळ्यांमध्ये रक्त गोठू नये म्हणून लिथियम हेपरिनच असतं, त्यात घेतलेल्या रक्ताची लेव्हल खोटी वाढलेली येते. तंत्रज्ञाला चाचणीचं नाव आधीच सांगा. डोस सुरू केल्यावर किंवा बदलल्यावर पाच ते सात दिवसांनी तपासणी. आकडा स्थिरावेपर्यंत दर आठवड्याला, मग दर तीन महिन्यांनी. क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), टीएसएच (थायरॉइडसाठी) आणि कॅल्शियम सहा महिन्यांतून एकदा.

खरा घात होतो मीठ-पाण्यात. मूत्रपिंडाला लिथियम आणि सोडियम यांतला फरक फारसा कळत नाही. जुलाब, उलट्या, ताप, उन्हातली वारी किंवा निर्जळी उपास यांत शरीर मीठ धरून ठेवू लागतं आणि सोबत लिथियमही अडकतं. गोळ्या तेवढ्याच, लेव्हल मात्र चढते. अचानक अळणी जेवण सुरू केलं तरी हेच. डोकं किंवा कंबर दुखली म्हणून मेडिकलमधून आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक आणू नये, त्यांनीही लेव्हल चढते; पॅरासिटामॉल चालतं. बीपीसाठी टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल किंवा हायड्रोक्लोरोथायझाइड लिहून देणाऱ्या डॉक्टरांना लिथियमचं आवर्जून सांगा.

हाताला बारीक कंप, जास्त तहान हे नेहमीचं. पण कप धरवत नाही इतका कंप, तोल जाणं, जीभ जड होणं, गुंगी, सोबत उलट्या-जुलाब असं झालं, तर पुढची गोळी थांबवा आणि त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन लेव्हल करा. एखादी गोळी चुकली तर पुढच्या वेळी दोन घेऊ नका. बरं वाटतंय म्हणून एकदम बंद करणं सगळ्यात वाईट, कारण मेनिया उसळून येतो. बंद करायचंच ठरलं तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, किमान चार आठवड्यांत, शक्यतो तीन महिन्यांत डोस उतरवतात. मूल हवं असेल तर गर्भ राहण्याआधीच डॉक्टरांशी बोला.

तब्येत ठीक असतानाच उरकायचं दुसरं काम कायद्याचं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ५ नुसार कोणतीही सज्ञान व्यक्ती आपल्यावर कोणते उपचार व्हावेत, कोणते होऊ नयेत, हे आगाऊ सूचनापत्रात लिहून ठेवू शकते. स्वतः निर्णय घेण्याची क्षमता राहिली नाही तरच हा कागद लागू होतो. तातडीच्या उपचारांना त्याचं बंधन नाही. मोघम नको, नेमकं लिहा: ‘लिथियमने गुण येतो’, ‘अमुक इंजेक्शनने मान वाकडी झाली होती’.

कलम १४ प्रमाणे उपचारांच्या निर्णयात आपल्या बाजूने उभा राहणारा प्रतिनिधीही साध्या कागदावर सही करून नेमता येतो, मात्र त्याची लेखी संमती हवी. हे नेमणं टाळलं, तर कायद्याने ठरलेल्या क्रमाने आधी नातेवाइकाकडे अधिकार जातो, आणि तो तुमच्या मनातलाच असेल असं नाही. कलम ८९ खाली रुग्णाला मानसिक आरोग्य संस्थेत ३० दिवसांपर्यंत दाखल करण्यासाठी अर्ज याच प्रतिनिधीने करायचा असतो. सूचनापत्राची प्रत डॉक्टरांच्या फाइलमध्ये लावून घ्या. ती त्यांना मिळालेलीच नसेल, तर ते पाळलं नाही म्हणून कलम १३ त्यांना जबाबदार धरत नाही.