अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ वेड्यासारखं वागतंय? सेन्सर बदलण्याआधी या चुका टाळा

"सेन्सर गेलाय, बदलून टाका." अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ, म्हणजे पुढच्या गाडीपासून अंतर राखत वेग आपोआप कमी-जास्त करणारी सोय, बिघडली की गॅरेजमध्ये येणाऱ्यांनी निदान घरूनच करून आणलेलं असतं. हा सेन्सर म्हणजे समोरची गाडी हेरणारं रडार, आणि ते सहसा धडधाकट निघतं. घोळ असतो तो त्याच्या कोनात, नाहीतर पुढच्या बंपरमध्ये.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे बंपर काढून बसवला आणि कॅलिब्रेशन, म्हणजे रडारचा कोन पुन्हा जुळवणं, केलंच नाही. अशीच एक गाडी आली होती. किरकोळ धडक, नवाकोरा बंपर, डॅशबोर्डवर एकही दिवा नाही. पण हायवेला शेजारच्या लेनमध्ये ट्रक आला की ही ब्रेक मारायची, आणि स्वतःच्या लेनमधली गाडी उशिरा पकडायची. आधीच्या गॅरेजमध्ये स्कॅनर लावून एरर कोड पुसून दिले होते. याला दुरुस्ती म्हणत नाहीत. बंपर उतरवला तर रडारची ब्रॅकेट वाकलेली, तीही नुसत्या नजरेला कळणार नाही इतकीच. पण एका अंशाची चूक 100 मीटरवर पावणेदोन मीटर होते, म्हणजे जवळपास अर्धी लेन! वाकलेली ब्रॅकेट मी ठोकून सरळ करत नाही, नवीच घालतो. मग टायरची हवा बघायची, डिकी रिकामी करायची आणि त्यानंतरच समोर रिफ्लेक्टर मांडून कॅलिब्रेशन करायचं. "चालवली की आपोआप शिकते" म्हणणारे भेटतात. थोडासा फरक काही गाड्या सावरून घेतात, पण त्यालाही मर्यादा आहे.

दुसरी चूक पुट्टीची. रडारच्या 77 गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी 4 मिलिमीटरच्या आतली, त्यामुळे रडारसमोरच्या प्लास्टिकची जाडीसुद्धा मोजून ठरवलेली असते. तिथे पुट्टी भरून वर मेटॅलिक रंगाचे थर चढवले की सिग्नल मार खातो. त्या जागेला तडा गेला असेल तर बंपर बदला, पैसे वाचवू नका.

स्टिकर, फॅन्सी ग्रिल, नंबरप्लेटची जाडजूड फ्रेम: रडारसमोर काहीही नको.

चिखल ओल्या फडक्याने पुसा. प्रेशरचा फवारा जवळून मारू नका.

आता चालवणाऱ्यांची चूक. रडारला समोरच्याचा वेग डॉप्लरवरून, म्हणजे परत येणाऱ्या लहरीच्या वारंवारतेतल्या फरकावरून कळतो, पण पूल, कमानी, गटाराची झाकणं अशा स्थिर वस्तूही परावर्तन देतात. म्हणून जास्त वेगात बऱ्याच गाड्या आधीपासून थांबलेल्या वस्तू सोडून देतात. पुढे थांबलेली रांग दिसली की पाय ब्रेकवर हवा, "बघू पकडते का" नको.

आणि अंतराचं सेटिंग सगळ्यात कमीवर ठेवून "ब्रेक उशिरा मारते" म्हणणाऱ्यांनी गाडी आणण्याआधी स्टिअरिंगवरचं ते बटण एकदा दाबून बघावं.