शाळेच्या जेवणासाठी गोठवलेला तयार चिकनचा पदार्थ कसा पारखावा

विक्रेता चाखण्यासाठी जो नमुना पुढे ठेवतो, तो ओव्हनमधून नुकताच निघालेला असतो, वाफाळत असतो आणि प्रत्येकाच्या वाट्याला त्यातले एकदोन घासच येतात. अशा स्थितीत चिकनचा जवळजवळ कोणताही तयार पदार्थ चांगला लागतो. मुलांना मात्र तो तसा मिळत नाही. तो मोठ्या ट्रेमध्ये गरम होतो, गरम पेटीत थांबतो, कधी एका स्वयंपाकघरातून दुसऱ्या शाळेत वाहनाने जातो, आणि रांगेतल्या शेवटच्या मुलापर्यंत पोहोचेपर्यंत तास-दीड तास उलटून गेलेला असतो. परीक्षा घ्यायची ती त्या शेवटच्या ताटाची.

नमुने मागवण्याआधी आपली गरज एका कागदावर लिहून काढावी. मुले कोणत्या वयाची आहेत, एका वाढपात शिजलेले चिकन किती ग्रॅम असायला हवे, स्वयंपाकघरात ओव्हन आहे की वाफेचे भांडे, ट्रे किती खोल आहेत, पदार्थ जास्तीत जास्त किती वेळ गरम राहावा लागेल आणि कोणत्या मुलांना कशाची ॲलर्जी आहे, इतके तरी त्यात असावे. हा कागद आधी तयार नसला, तर नमुना पाहून निकष ठरवले जातात आणि चव आवडली की बाकीच्या उणिवा नजरेआड होतात.

पहिला प्रश्न चवीचा नाही. पदार्थ कारखान्यात पूर्ण शिजवलेला आहे की नाही, हे सर्वांत आधी विचारावे. पिठाचे किंवा ब्रेडच्या चुऱ्याचे आवरण असलेले काही तुकडे फक्त आवरण पक्के व्हावे म्हणून क्षणभर तळलेले असतात. बाहेरून ते सोनेरी, तयार दिसतात, पण आतले मांस कच्चेच असते. हा फरक घरीही घात करतो, आणि शेकडो ताटे घाईने वाढणाऱ्या स्वयंपाकघरात तर त्याचा धोका फार मोठा असतो. अशा पदार्थांतून साल्मोनेला या अन्नातून विषबाधा करणाऱ्या जंतूचा संसर्ग पसरल्यामुळे कॅनडाने २०१९ पासून त्यांच्या उत्पादकांवर विशेष बंधने घातली, आणि अमेरिकेने २०२४ मध्ये सारण भरलेल्या, आवरणाच्या कच्च्या चिकनमधील साल्मोनेलासाठी स्वतंत्र मर्यादा जाहीर केली. शाळेसाठी पूर्ण शिजवलेलाच पदार्थ घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. कच्चा पदार्थ स्वस्त पडतो हे कारण मला पुरेसे वाटत नाही.

यानंतर लेबल वाचावे, आणि ते सावकाश वाचावे. बहुतेक देशांत घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, म्हणजे जो घटक आधी लिहिला आहे तो जास्त आहे. चिकनच्या लगेच पुढे पाणी असेल आणि त्यामागोमाग स्टार्च व फॉस्फेट येत असतील, तर पाणी धरून ठेवून वजन वाढवले असल्याची शक्यता असते. फॉस्फेट वापरणे हा गुन्हा नाही. त्यामुळे मांस कोरडे पडत नाही, हेही खरे. पण आपण ज्याचे पैसे मोजतो त्यात मांस किती आणि पाणी किती हे कळायलाच हवे. ‘यांत्रिक पद्धतीने हाडांपासून वेगळे केलेले मांस’ असा उल्लेख असेल, तर ते अखंड स्नायूचे तुकडे नसून दाबाने चाळून काढलेला लगदा असतो, हे लक्षात घ्यावे. चिकनचे टक्केवारीतील प्रमाण वेष्टनावर नसल्यास उत्पादकाकडून तांत्रिक माहितीपत्रक लेखी मागवावे. ते देण्यास टाळाटाळ करणाऱ्याचा नमुना पुढच्या फेरीत घेऊ नये.

मिठाचा हिशेब नेहमी आपल्या वाढपावर करावा, वेष्टनावरच्या वाढपावर नव्हे, कारण तिथे छापलेले वाढप पुष्कळदा आपल्यापेक्षा लहान असते. लेबलवर सोडियमऐवजी मीठ लिहिले असेल, तर १ ग्रॅम मिठात सुमारे ४०० मिलिग्रॅम सोडियम धरावे. जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची मर्यादा दिवसाला २००० मिलिग्रॅम सोडियमपेक्षा कमी, म्हणजे ५ ग्रॅम मिठापेक्षा कमी अशी आहे, आणि मुलांसाठी त्यांच्या ऊर्जेच्या गरजेप्रमाणे ती आणखी खाली आणावी असे ती सांगते. समजा १०० ग्रॅममध्ये ६०० मिलिग्रॅम सोडियम आहे आणि आपले वाढप १५० ग्रॅमचे आहे, तर एकट्या या पदार्थातून ९०० मिलिग्रॅम सोडियम मुलाच्या पोटात जाते. ताटातले बाकीचे पदार्थ अजून मोजायचेच आहेत.

ॲलर्जीच्या बाबतीत आवरण आणि रस्सा या दोन जागा विशेष तपासाव्यात. आवरणात गहू, अंडे, दुधाची पावडर असू शकते. मांसाच्या आत सोयाचे प्रथिन मिसळलेले असू शकते, आणि मसाल्यात मोहरी, सेलरी किंवा तीळ येऊ शकतात. घटकांत बदल झाल्यास पुरवठ्याआधी लेखी कळवले जाईल, अशी अट करारात घालावी. ॲलर्जी असलेल्या मुलासाठी मागच्या वर्षीचे लेबल उपयोगाचे नाही.

आता प्रत्यक्ष पारख. एकाच वेळी दोन वेगवेगळ्या उत्पादन क्रमांकांचे (बॅच नंबरांचे) खोके मागवावेत, म्हणजे कारखान्याची घडी एकसारखी बसते का हे दिसते. माल आल्याबरोबर दोन पाकिटांच्या मध्ये थर्मामीटर धरून तापमान घ्यावे. ते उणे १८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून थंड असावे. सुटे असायला हवेत ते तुकडे एकमेकांना चिकटून ढेप झाली असेल, पाकिटाच्या तळाशी बर्फाची लादी जमली असेल किंवा आत मोठमोठे स्फटिक दिसत असतील, तर वाटेत माल वितळून पुन्हा गोठला असण्याचा संशय धरावा. मांसावरचे राखाडी-पांढरे कोरडे डाग मात्र वेगळे. तिथले पाणी थंडीने उडून गेलेले असते. ते खाण्यास अपायकारक नसतात, पण तो भाग शिजल्यावर चोथट लागतो.

गरम करण्याआधी संपूर्ण पाकिटाचे वजन करून ठेवावे, कारण नंतर ते करता येत नाही. गरम करताना उत्पादकाच्या सूचना तंतोतंत पाळाव्यात, पण आपल्या उपकरणांवर आणि भरलेल्या ट्रेमध्ये. चार तुकडे गरम करून काढलेला निष्कर्ष चाळीस तुकड्यांच्या ट्रेला लागू पडत नाही. पदार्थ आधी वितळवायचा असेल, तर तो ५ अंश किंवा त्याहून कमी तापमानाच्या फ्रिजमध्येच वितळवावा. ओट्यावर ठेवल्यास आतला भाग गोठलेला असतानाच बाहेरच्या थरात जंतू वाढू लागतात.

थर्मामीटर बरोबर आहे याची खात्री त्याच सकाळी करून घ्यावी. बर्फाचा चुरा आणि थोडे पाणी यांच्या मिश्रणात त्याने ० अंश दाखवायला हवे. उकळत्या पाण्यात समुद्रसपाटीवर १०० अंश यायला हवेत, आणि उंचीवर दर ३०० मीटरमागे सुमारे एक अंश कमी धरावा. सुई सर्वांत जाड तुकड्याच्या गाभ्यात खुपसावी आणि ट्रेचा मध्य व चारही कोपरे अशा पाच जागी तपासावे. सर्वत्र ७४ अंश आले पाहिजेत. रंगावर विश्वास ठेवू नये. कोवळ्या कोंबडीच्या हाडातल्या मज्जेचा रंग गोठवताना बाहेर झिरपतो आणि पूर्ण शिजलेले मांसही हाडाजवळ गुलाबी दिसते. उलट, जंतू मरण्याइतके तापमान येण्याआधीच मांस पांढरे होऊ शकते.

ट्रे बाहेर आला की पुन्हा वजन करावे आणि ट्रेमध्ये सुटलेले पाणी व तेल वेगळे मोजावे. आवरणाच्या पदार्थात दहा तुकड्यांचे आवरण सोलून मांस आणि आवरण स्वतंत्र तोलावे. हे पाच मिनिटांचे काम आहे, आणि माहितीपत्रकावरच्या टक्केवारीपेक्षा ते अधिक बोलके ठरते. रश्श्याच्या पदार्थात चाळणीवर रस्सा निथळून चिकनचे वजन करावे. तुकडे हाताने कुस्करून हाडाची कपची, कडक कूर्चा किंवा शिरा सापडते का हेही पाहावे. लहान मुलांसाठी घेतलेल्या पदार्थात हाडाची एकही कपची सापडली, तर तो नमुना तिथेच बाद करावा.

किमतीचा हिशेब या वजनांवरच बसतो. १० किलो गोठलेल्या मालातून गरम केल्यावर ८ किलोच वाढता येत असेल, तर वाढलेल्या प्रत्येक किलोची खरी किंमत देयकावरच्या दराच्या सव्वापट असते. दोन पुरवठादारांची तुलना या खऱ्या किमतीवर करावी, आणि चिकन किती येते हे महत्त्वाचे असेल तर रस्सा व आवरण वगळून करावी.

यापुढची पायरी बहुतेक ठिकाणी गाळली जाते, आणि माझ्या मते सर्वांत जास्त तीच सांगून जाते. ट्रे गरम पेटीत ठेवावा, तापमान ६० अंशांच्या खाली जाऊ देऊ नये (काही देशांत हा आकडा ६३ आहे), आणि लगेच, अर्ध्या तासाने, एका तासाने व दीड तासाने त्यातला थोडा भाग काढून पाहावा. प्रत्येक वेळी तापमान, रूप, वास आणि चावताना काय जाणवते हे लिहून ठेवावे. आवरण असलेला तुकडा स्वतःच्याच वाफेत भिजतो. झाकण घट्ट असेल तर अर्ध्या तासातच तो पचपचीत होऊन आवरण मांसापासून सुटू लागते. रश्श्यावर साय धरते, कडेला तो आटतो आणि काही वेळा फुटून पाणी व तेल वेगळे होतात. छातीच्या मांसात चरबी कमी, म्हणून ते लवकर कोरडे होऊन धागे सुटतात. मांडीचे मांस जास्त वेळ मऊ राहते. कागदावर छातीचे मांस सरस दिसते, पण जिथे पदार्थ दीर्घकाळ थांबवावा लागतो तिथे मांडीच्या मांसाचा पदार्थ मुले अधिक खुशीने संपवतात, असा माझा अनुभव आहे. निवडीच्या एका फेरीत मी पाहिले होते की गरमागरम असताना पहिला आलेला नमुना तासाभराने शेवटच्या क्रमांकावर गेला. तासाभरानंतरची नोंद घेतलीच नसती, तर तोच वर्षभर मुलांच्या ताटात आला असता.

याच टप्प्यावर एका वासाकडे लक्ष द्यावे. शिजवून ठेवलेले मांस पुन्हा गरम केले की त्यातल्या चरबीचे ऑक्सिडीकरण झाल्यामुळे ओल्या पुठ्ठ्यासारखा, किंचित खवट वास येऊ लागतो. चिकनमधील चरबी या बाबतीत नाजूक असते. मसाला जास्त असेल तर हा वास दडतो, म्हणून रस्सा पुसून नुसता तुकडा हुंगावा व चाखावा. नुकत्या बनलेल्या मालात तो येत नसेल, तर मुदत संपत आलेल्या मालाचे एक पाकीटही मागवून पाहावे, कारण वर्षाच्या शेवटी शाळेच्या पदरात तेच पडण्याची शक्यता असते.

चाखण्याचे काम आधी मोठ्यांनी करावे, पण नावे झाकून. भांड्यांवर तीन अंकी क्रमांक टाकावेत, प्रत्येकाला नमुने वेगळ्या क्रमाने द्यावेत, मध्ये पाणी प्यायला लावावे आणि सर्वांचे गुण कागदावर उतरेपर्यंत बोलू देऊ नये. एखाद्या वरिष्ठाने ‘वा!’ म्हटले की उरलेल्यांची जीभ त्याच्या मागे जाते.

मुलांची पाळी त्यानंतर येते, आणि त्याआधी पालकांची लेखी संमती व ॲलर्जीची माहिती हातात असलीच पाहिजे. लहान मुलांना अंक देण्यापेक्षा हसऱ्यापासून रडव्यापर्यंत पाच चेहरे काढलेला कागद द्यावा. ‘छान आहे ना?’ असे विचारू नये, कारण मुले समोरच्याला खूश करणारे उत्तर देतात. मला स्वतःला चेहऱ्यांच्या कागदापेक्षा ताटात उरलेल्या अन्नावर अधिक भरवसा वाटतो. पदार्थ नेहमीच्या जेवणात, नेहमीच्या वेळी वाढावा, वाढलेले एकूण वजन आणि ताटांत टाकलेले वजन मोजावे आणि त्यांचे प्रमाण काढावे. एका दिवसावर निर्णय घेऊ नये. पहिल्यांदा नवलाईने खाल्ले जाते, किंवा अनोळखी म्हणून टाकले जाते. आठवड्याच्या अंतराने तीनदा वाढल्यावर जो आकडा स्थिरावतो तो खरा मानावा. कोणता भाग उरतो हेही बघावे. आवरण खाऊन मांस टाकलेले असेल, तर मुलांना आवरण आवडले, चिकन नव्हे.

निवड झाल्यावर त्याच उत्पादन क्रमांकाचे एक न उघडलेले पाकीट दिनांक लिहून फ्रीझरमध्ये राखून ठेवावे, आणि पहिल्या दिवशीच्या वजनांची व तासाभरानंतरच्या चवीची नोंद त्याच्याबरोबर जपावी. पुरवठा सुरू झाल्यावर दर सत्रात एक खोके याच पद्धतीने उघडून तोलावे. आवरण जाड झाले, सुटणारे पाणी वाढले किंवा ताटात उरणारे प्रमाण चढले, तर राखून ठेवलेले पाकीट मुदतीच्या आत पुरवठादारासमोर उघडून दोन्ही ट्रे शेजारी शेजारी गरम करावेत.