जुनी .22 मॅग्नम रिव्हॉल्व्हर: ‘बसतंय ना, मग चालेल’ म्हणण्याआधी या चुका टाळा

‘.22 म्हणजे .22 (गोळीचा ढोबळ व्यास, इंचांत), त्यात काय एवढं!’ अमेरिकेतल्या गन शोमध्ये जुन्या रिव्हॉल्व्हरच्या टेबलापाशी हे वाक्य हमखास कानावर पडतं. माझ्या पाहण्यात या हत्यारांचं सगळ्यात जास्त नुकसान याच समजुतीने केलं आहे.

विंचेस्टर कंपनीने .22 मॅग्नम हे रिमफायर (कडेवर फायरिंग पिन आपटून उडणारं) काडतूस 1959 मध्ये आणलं. त्याच वर्षी रूगरने आपलं सिंगल-सिक्स आणि स्मिथ अँड वेसनने के-22 मास्टरपीस ही रिव्हॉल्व्हर या काडतुसासाठी बाजारात उतरवली. या दुसऱ्यालाच आज मॉडेल 48 म्हणतात. कोल्टचं फ्रंटियर स्काउटही लवकरच मॅग्नममध्ये आलं. त्या काळातलं पोलाद, ब्लूइंग (पोलादावरचा निळसर-काळा थर) आणि लाकडी मुठी पाहिल्या की हात आपोआप पाकिटाकडे जातो. तिथेच थोडं थांबा.

लाँग रायफलचं काडतूस मॅग्नमच्या चेंबरमध्ये

ही सगळ्यात मोठी चूक. साध्या .22 लाँग रायफल काडतुसाच्या पुंगळीचा (पितळी कवचाचा) व्यास सुमारे 5.7 मिलिमीटर, तर मॅग्नमच्या पुंगळीचा सुमारे 6.1. फरक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी, त्यामुळे छोटं काडतूस मॅग्नमच्या चेंबरमध्ये (सिलिंडरमधल्या काडतुसाच्या घरात) सहज जातं, बऱ्याचदा उडतंही. पण पातळ पितळेला चेंबरच्या भिंतीचा आधार मिळत नाही. ती फुगते, उभी चिरते आणि तापलेला वायू मागच्या बाजूने, म्हणजे तुमच्याच दिशेने, बाहेर येतो. डोळ्यांवर चष्मा नसेल तर काय होईल ते सांगायला नको.

मॅग्नमच्या चेंबरमध्ये चालणारं जुनं काडतूस एकच: 1890 चं .22 डब्ल्यूआरएफ. मॅग्नम म्हणजे त्याचीच लांबवलेली आवृत्ती, व्यास तोच. मात्र ते आखूड असल्याने त्याच्या पुढे चेंबरमध्ये काजळीचं कडं साचतं. शंभर-दीडशे डब्ल्यूआरएफ उडवून लगेच मॅग्नम भरलं की काडतूस पूर्ण आत बसत नाही, किंवा पुंगळी आत चिकटून बसते. काडतुसं बदलण्याआधी प्रत्येक चेंबरमधून कांस्याचा ब्रश फिरवा.

दुसरं सिलिंडर नेमकं कुणाचं?

इथे मी स्वतः फसलो आहे. एका विक्रेत्याकडून तीन-स्क्रूचं, म्हणजे जुन्या घडणीचं, सिंगल-सिक्स घेतलं, सोबत लाल कापडी पिशवीत लाँग रायफलचं जोड सिलिंडर (बदलून लावायचं दुसरं सिलिंडर). मी हरखून गेलो. रेंजवर लाँग रायफलचं सिलिंडर लावलं आणि दुसऱ्याच फेरीला शेजारच्या बाकावरच्या माणसाने गालाला हात लावला. शिशाचा कण लागला होता. ते सिलिंडर दुसऱ्याच कुठल्या तरी रिव्हॉल्व्हरचं होतं. चेंबर नळीच्या रेषेत येत नव्हते, त्यामुळे गोळी नळीच्या तोंडावर घासून शिसं बाजूला फेकलं जात होतं. त्या माणसाने समजूतदारपणे घेतलं, पण मी त्या दिवशी पुन्हा चाप ओढला नाही.

रूगरच्या बऱ्याच जोड सिलिंडरांच्या पुढच्या तोंडावर हत्याराच्या क्रमांकाचे शेवटचे तीन आकडे विजेच्या पेन्सिलने कोरलेले असतात. भिंग घेऊन तेच आधी पाहा. आकडे जुळले तरी घोडा हळूहळू मागे ओढून सिलिंडर सहाही ठिकाणी पक्कं अडकतं का, हे तपासा. सिलिंडर आणि नळी यांच्यातली फट फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा, 0.1 ते 0.2 मिलिमीटर असेल तर ठीक. स्मिथ अँड वेसनची गोष्ट वेगळी: तिथे जोड सिलिंडर कारखान्यातच त्या हत्याराला बसवून देत. सुटं मिळालेलं सिलिंडर ‘बसेल की’ म्हणून घेऊ नका.

जोड सिलिंडरवाल्या नळीकडून लाँग रायफलच्या गोळ्या निशाण्यावर अगदी जवळजवळ पडण्याची फार अपेक्षाही ठेवू नका. दोन्ही गोळ्यांच्या व्यासात किंचित फरक आहे आणि नळी एकच.

सहा घरं, पण काडतुसं पाचच

1973 च्या आधीच्या सिंगल-सिक्सला चौकटीच्या बाजूला तीन स्क्रू दिसतात. त्यात ट्रान्सफर बार (चाप ओढल्याशिवाय घोड्याचा आघात फायरिंग पिनपर्यंत न पोचू देणारी पट्टी) नाही. घोडा खाली असताना त्याच्याखाली भरलेलं काडतूस असेल आणि हत्यार हातातून पडलं, तर गोळी सुटू शकते. म्हणून पाचच भरायची आणि घोडा रिकाम्या घरावर टेकवायचा. यात पर्याय नाही.

रूगर या जुन्या रिव्हॉल्व्हरना ट्रान्सफर बार मोफत बसवून देते आणि काढलेले मूळ भागही परत पाठवते. संग्राहक नाक मुरडतात, कारण बदललेल्या हत्याराची किंमत उतरते. माझं मत स्पष्ट आहे: नेहमी चालवायचं असेल तर बसवून घ्या आणि मूळ भागांची पुडी खोक्यात जपून ठेवा. तुम्ही विकत घेत असाल तर ती पुडी मागा. ती नसेल तर भाव कमी करायला सांगा.

रिकामा चाप ओढणं

रिमफायरमध्ये फायरिंग पिन काडतुसाच्या कडेवर आपटते. काडतूसच नसेल तर ती थेट चेंबरच्या ओठावर आपटू शकते आणि तिथे खाच पडते. मग काडतूस अडकतं, कधी उडतच नाही. विकत घेताना टॉर्च मारून सहाही ओठ पाहा. छोटी खाच असेल तर चेंबर आयर्निंगच्या हत्याराने धातू मागे दाबता येतो, पण ते काम जाणत्या गनस्मिथचं. कानस लावू नका.

पुंगळी निघत नाही, काडतूस उडत नाही

मॅग्नमचा दाब आणि जुने चेंबर, दोन्ही एकत्र आले की मॉडेल 48 मध्येही पुंगळ्या चिकटतात. इजेक्टर रॉडवर (पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या दांड्यावर) हातोडी मारणारे पाहिलेत, त्यात रॉड वाकतो. आधी चेंबर नीट घासा, मग दुसऱ्या कंपनीचं काडतूस लावून पाहा. एकच चेंबर सतत त्रास देत असेल तर खाच किंवा गंज तिथेच शोधा.

काडतूस उडालं नाही तर नळी निशाण्याकडेच ठेवून 30 सेकंद थांबा. नंतर एक्स्ट्रॅक्टरच्या (पुंगळ्या उचलणाऱ्या भागाच्या) चांदणीखाली न जळलेले दारूचे कण अडकलेत का ते पाहा. कधी कधी दोष तिथेच सापडतो.

कागदपत्रं

हे खास अमेरिकेतल्या आपल्या मंडळींसाठी. एच-1बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल तर संघीय कायद्याने बंदूक आणि काडतुसं बाळगण्याची सर्वसाधारणपणे मनाई आहे. वैध शिकारी परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, ते वकिलाकडूनच समजून घ्या. ग्रीन कार्डधारकांची स्थिती वेगळी. ‘जुनं आहे, अँटिक आहे’ ही पळवाटही नाही, कारण संघीय कायद्यात अँटिक म्हणजे 1898 किंवा त्याआधी बनवलेलं. महाराष्ट्रात परत जाताना सामानात घालून नेण्याचा विचारही नको. तिथे परवान्याशिवाय काही नाही आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला सर्वसाधारणपणे दोनच शस्त्रं ठेवता येतात.

ठेवताना

जुना चामडी होल्स्टर मिळाला तर जपा, पण रिव्हॉल्व्हर त्यात ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि दोन पावसाळ्यांत ब्लूइंगवर तांबूस ठिपके उठतात. तेलाचा पातळ हात देऊन कोरड्या कपाटात ठेवा, होल्स्टर शेजारी. निकेल केलेल्या स्काउटला अमोनियाचं सॉल्व्हंट लावू नका, मुलामा सुटतो. आणि स्क्रू उघडायचेच असतील तर खाचेत बरोब्बर बसणारा समांतर पात्याचा स्क्रूड्रायव्हर आधी विकत आणा.