चिनी नंबरप्लेट कशी वाचायची: ठिपक्याच्या डावीकडची जोडी

चीनमधून माल मागवणाऱ्या वाशी-तुर्भ्यातल्या व्यापाऱ्यांच्या फोनवर कंटेनर भरतानाचे फोटो येतात. सीलचा नंबर सगळे जुळवून बघतात, गाडीची नंबरप्लेट मात्र तशीच राहते. ती वाचता येते आणि वाचावीच.

आपल्याकडे एमएच म्हणजे राज्य, ०४ म्हणजे ठाणे, ४३ म्हणजे नवी मुंबई. तिकडे राज्याच्या जागी एक चिनी अक्षर आणि आरटीओच्या आकड्याच्या जागी एक इंग्रजी अक्षर. मग ठिपका, आणि पुढे साधारण पाच आकडे-अक्षरं. ठिपक्याच्या डावीकडची जोडी एकत्रच वाचायची, कारण नुसत्या 'बी'ला अर्थ नाही. झेजियांग प्रांताच्या अक्षरापुढे बी असेल तर निंगबो शहर, ग्वांगदोंगपुढे शेन्झेन, शांदोंगपुढे चिंगदाओ. तिन्ही मोठी बंदरं, तिन्ही 'बी'! 'ए' बहुधा प्रांताच्या राजधानीचं. यिवू या घाऊक बाजाराच्या शहराला मात्र स्वतःचं अक्षर नाही. ते जिन्हुआच्या हद्दीत येतं, म्हणून तिथली गाडी झेजियांग-जी.

मुख्य भूमीवर अशी ३१ प्रांताक्षरं आहेत. सगळी पाठ करायची गरज नाही, ज्या प्रांतांतून माल येतो तेवढी ओळखा. सिचुआनचं सर्वांत सोपं, नुसत्या तीन उभ्या रेघा. घोळ होतो तो पाण्याच्या अक्षरांत. डाव्या कडेला एकाखाली एक तीन थेंब दिसले की लोक शांघाय म्हणून मोकळे होतात, पण झेजियांग, तियानजिन, चोंगचिंग आणि हुनान यांच्याही अक्षरांत हेच थेंब आहेत. उजवीकडे बघा: शांघायच्या अक्षरात थेंबांशेजारी एकच सुटसुटीत भाग असतो, झेजियांगच्या अक्षरात दोन भाग शेजारी-शेजारी दाटीने बसलेले असतात.

एजंटाने प्रांताक्षर इंग्रजी लिपीत लिहून पाठवलं तर त्यावर विसंबू नका. हेनान आणि चोंगचिंग दोन्हींचं अक्षर 'यू' असंच लिहिलं जातं. मूळ चिनी अक्षरच मागा. फोनवरच्या भाषांतरातही काळजी घ्या, सिचुआनच्या तीन रेघांचं भाषांतर 'नदी' असं येऊ शकतं.

रंग पटकन सांगतो. निळी पाटी छोट्या गाडीची, पिवळी ट्रक-बसची. हिरवी विजेवरच्या किंवा प्लग-इन हायब्रिड गाडीची, आणि तिच्यावर सातऐवजी आठ अक्षरं असतात.

पाटीवरून गाडीची नोंदणी कुठली ते कळतं, माल कुठून निघाला ते नाही. एमएच-४३चा ट्रक नागपुरात दिसावा, तसंच.

आता सगळ्यात जास्त घाबरवणारी गोष्ट. दार उघडं असलेला फोटो मागून काढलेला असतो, त्यामुळे त्यात ट्रेलरची पाटी दिसते. वाहतूकदाराच्या कागदावर बहुधा पुढच्या ट्रॅक्टरचा, म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या इंजिनवाल्या गाडीचा, नंबर असतो. दोन्हींची नोंदणी वेगळी, म्हणून नंबर जुळत नाहीत, आणि त्यात फसवणूक नसते. ट्रेलरची पाटी ओळखायची खूण म्हणजे शेवटी आकड्याऐवजी एक चिनी अक्षर. माल भरायच्या आधीच दोन फोटो सांगून ठेवा: एक समोरून, एक मागून, दोन्हींत पाटी पूर्ण दिसेल असे.